किडा मेल्यावर

डॉक्टर मॅडमनी सांगितलेल्या त्रासांपैकी एकही त्रास आचलला होईना, तेव्हा मला हायसं वाटलं. चेहरा सुजेल म्हणाल्या होत्या, तो सुजला नाही. भूक वखवखल्यासारखी लागेल म्हणाल्या होत्या, तर ही आपली दीड पोळीवर उठत होती. झोप उडेल, चिडचिड होईल, पोटात आग पडेल, यातलं काही म्हणता काही नाही. मी देवापुढे साखर ठेवली आणि वहिनीला फोन करून सांगितलं, की तुमची पोर दणकट आहे, औषध तिला शिवतसुद्धा नाही.

आचल ही माझ्या मोठ्या भावाची, गोपालदादाची मुलगी. त्यांचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या पुढे, आणि मी इकडे अकोल्यात गोरक्षण रोडला मेस चालवते. माझ्याकडे जेवणाऱ्या सगळ्या पोलीस भरतीच्या पोरी. पहाटे ग्राउंडवर पळायचं, गोळा फेकायचा, उन्हं चढायच्या आत परतायचं आणि ताटावर तुटून पडायचं. वरच्या दोन खोल्यांत त्यातल्या काही राहतात. आचल गेल्या दिवाळीपासून तिथेच होती, दीक्षा नावाच्या पोरीसोबत एका खोलीत. आमचे हे एसटीत ड्रायव्हर, निम्मा वेळ ड्युटीवर. तेव्हा या पोरींना हाकणं, दटावणं, जेवू घालणं सगळं माझ्याकडे. तोंड माझं जरा तिखटच आहे आणि ते मला ठाऊक आहे.

गोळा फेकता फेकता आचल ग्राउंडवर पडली. दीक्षा तिला ऑटोत घालून घेऊन आली, तेव्हा आचलची जीभ चावलेली होती, कपडे मातीनं भरले होते आणि तिला आपण कुठे आहोत हे कळत नव्हतं. दीक्षा म्हणाली, "मावशी, हात-पाय झाडत होती. तोंडातून फेस येत होता." फिट हा शब्द मी उच्चारलाच नाही, जणू मी उच्चारला तर तो खरा होईल.

रामदासपेठेत मेंदूच्या डॉक्टर मॅडम आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी एमआरआय काढायला लावला आणि फिल्म उजेडासमोर धरून पेनाच्या टोकानं दोन ठिपके दाखवले. ज्वारीच्या दाण्याएवढे, गोल, आणि प्रत्येकाच्या आत आणखी एक बारीक टिंब.

"ही पाण्याची पिशवी," त्या म्हणाल्या. "आणि आतलं टिंब म्हणजे किड्याचं डोकं. डुकराच्या मांसातून येतो ना फीतकृमी, त्याचं हे पिल्लू. दोन्ही जिवंत आहेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मॅडम, आमच्या माहेरी अंडं शिजत नाही. माझ्या भावानं कौंडण्यपूरला माळ घातलीये. आमच्या पोरीच्या डोक्यात डुकराचा किडा कुठून येईल?"

"मांस खाणाऱ्याच्या पोटात तो लांब जंत होऊन राहतो. त्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती नाल्यात जातात, नाल्याचं पाणी भाजीला जातं, आणि ती भाजी कुणी नीट न धुता कच्ची खाल्ली की अंडी पोटात. तिथून रक्तात, आणि रक्तातून मेंदूत. तुम्ही शाकाहारी आहात याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही."

मी गप्प झाले, कारण दादाचा मेथीचा वाफा नाल्यालाच लागून आहे. कच्च्या मेथीचा घोळाणा, त्यावर तेल, तिखट आणि कांदा, हा आमच्याकडे थंडीत रोज ताटात असतो. आचल तर तो वाटी वाटी खाते. उपटायची, झटकायची आणि चिरायची. धुतली की मेथी कडू होते, असं माझी आई म्हणायची, आणि तेच आमच्या सगळ्यांच्या हातात बसलेलं.

आचलनं एकच प्रश्न विचारला. "मॅडम, माहं ग्राउंड आहे अमरावतीले. तोवर मरन का हा?"

ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी परीक्षेला, अजून महिना होता. मॅडमनी तिला आधी नीट बसायला सांगितलं. मग औषध कसं चालतं ते समजावलं, आणि इतकं साध्या भाषेत, की मला आजही तोंडपाठ आहे. किड्याची गोळी किड्याला ठेचत नाही, उपाशी मारते. साखर आत ओढून घ्यायची त्याची जी सोय असते ती ही गोळी मोडते. मग तो दोन-चार दिवसांत खंगायला लागतो. गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यायची, आणि तूप किंवा तेल असलेल्या जेवणासोबतच, नाहीतर ती अंगात नीट उतरत नाही.

"पण खरी गंमत पुढे आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर गमतीचं काही नव्हतं. "हा किडा जिवंत असतो तोवर शरीराला स्वतःचा पत्ता लागू देत नाही. वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. मरायला लागला की त्याच्या आतलं सगळं बाहेर झिरपतं, आणि मग शरीर त्याच्यावर धावून जातं. तिथे सूज येते. हाताला सूज आली तर कातडी ताणते. कवटी कुठे ताणणार? म्हणून ही दुसरी गोळी. ती सूज दाबून धरते. किडा मारणं सोपं आहे, मेलेला किडा निस्तरणं अवघड. ही दुसरी गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. आणि तिसरी फिटची, ती तर बरेच महिने."

मग त्रास सांगितले. किड्याच्या गोळीनं मळमळ, डोकेदुखी, क्वचित केस गळणं, लिव्हरवर ताण, म्हणून रक्त तपासत राहायचं. सूज दाबणाऱ्या गोळीनं जास्त भूक, झोप उडणं, चिडचिड, चेहऱ्याची सूज. फिटच्या गोळीनं गुंगी. सुरू करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण डोळ्यात असा किडा असला तर ही गोळी द्यायची नाही, किडा मरेल आणि नजरही जाईल. डोळे साफ निघाले. पाळीचं विचारलं, दिवस गेलेले असले तर गोळी चालत नाही म्हणून. आचल जमिनीकडे बघायला लागली, तशा मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांनाच विचारते गं, लाजू नकोस."

खाली मेडिकलमध्ये औषधं घेताना दुकानदारानं दुसऱ्या गोळीच्या पाकिटावर बोट ठेवलं. "हे स्टेरॉईड आहे. नाश्ता करूनच घ्या, उपाशीपोटी नाही."

"काय आहे हे?" आचलनं विचारलं.

"स्टेरॉईड."

तिनं ते पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मी पिशवी भरून मोकळी झाले.

दादाला फोनवर सांगणं हे त्या दिवसातलं सर्वांत अवघड काम होतं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गावात डुकराचं नाव काढू नको. अशक्तपणा आहे मनावं." थोड्या वेळानं म्हणाला, "रागिणी, तुया भरवशावर ठेवली तिले. मोर्शीकडचं एक स्थळ आलं आहे, संत्र्याचा बगीचा आहे त्याइचा. मी थांबून राहिलो ते तिच्या भरतीपायी. आता जर का अजून काही झालं, तं मी तिले घरी आणीन. मंग ग्राउंड गेलं खड्ड्यात."

आचल समोरच बसली होती. फोनचा आवाज मोठा होता. तिनं सगळं ऐकलं.

औषध सुरू झालं आणि माझा जीव टांगणीला लागला. सकाळी तिला चहा-पोळी दिली की पोळीवर तूप जास्तच सोडायची. ती तिन्ही गोळ्या माझ्यासमोर तळहातावर घ्यायची, पाण्याचा पेला घेऊन मोरीकडे जायची, चूळ भरायची आणि पेला विसळून ठेवायची. रात्री दीक्षाला बजावलं होतं, जरा हलली तरी मला हाक मार. दिवसा ती वर एकटी असली की मी उगाच जिन्याखाली उभी राहून कान द्यायची. वरून काही पडल्याचा आवाज आला की माझ्या हातचं लाटणं तिथेच राहायचं. बहुतेक वेळा कुणाची तरी बादली असायची.

आणि ती मात्र ठणठणीत. धावायला बंदी होती म्हणून अंगणात फेऱ्या मारायची, बाकीच्या पोरींचे टाइम विचारून घ्यायची. ना चेहरा सुजला, ना भूक वाढली. मी मघाशी सांगितलं ना, साखर ठेवली. आजूबाजूच्या बायांनाही सांगत सुटले.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. पहिल्यांदा सकाळी, उठल्या उठल्या. मॅडमनी डोकेदुखी सांगितलीच होती, तेव्हा मी बाम चोळून दिला. दुसऱ्या दिवशी उजेड सहन होईना, खिडकीला चादर लावून पडून राहिली. उलटी झाली तेव्हा मी म्हटलं पित्त असेल, तूप जास्त झालं असेल. माणूस घाबरलेला असला की सगळ्यात स्वस्त कारण आधी धरतो. संध्याकाळी मॅडमच्या दवाखान्यात फोन केला, तर त्या बाहेरगावी गेल्या होत्या, सकाळी येणार होत्या. फोन उचलणारी मुलगी म्हणाली, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? मी म्हटलं, माझ्या डोळ्यांसमोर घेते.

सकाळी पोरी जेवायला बसल्या होत्या. आचल वर पडून होती. दीक्षा ताट घ्यायला तव्याजवळ आली आणि सहज म्हणाली, "मावशी, आचलनं रात्री पण काही नाई खाल्लं. मले नवल वाटून राहिलं. माह्या बाबाले दम्यासाठी हेच स्टेरॉईड दिलं होतं मागं. बाप्पा, काय खात होते ते. आई भाकरी टाकता टाकता थके. अन् तोंड असं फुगलं की गावातले लोक वळखत नव्हते. आचलले काहून नाई लागत भूक?"

पोळी तव्यावर होती. ती जळायला लागली तरी मी उलटली नाही.

मी जन्मभर लोकांना जेवू घालत आले. कोणती पोर कधी किती खाते हे मला ताटाकडे न बघता कळतं. आणि घरचीच पोर औषध घेऊनही चिमणीएवढं खाते, याचा मी आनंद मानत बसले होते. त्रास होत नाही म्हणजे चांगलं, एवढंच मला सुचलं. त्रास होत नाही म्हणजे गोळी पोटात जातच नाही, हे नाही सुचलं. आणि किड्याची गोळी तर जात होती. तूप लावून जात होती. म्हणजे किडे मरत होते, आणि सूज दाबून धरायला आत कुणी नव्हतं.

गॅस बंद करायचं भान दीक्षाला राहिलं. मी जिना चढले.

आचल अंधारात कपाळावर ओढणी घट्ट बांधून पडली होती. मी दार लावून घेतलं आणि तिच्याजवळ बसले. ओरडायचंच होतं मला, पण आवाज फुटला तो वेगळाच. "आचल, ते सुजेवरचं तू घेऊन नाई राहिली."

तिनं तोंड भिंतीकडे वळवलं आणि म्हणाली, "मोरीत टाकतो."

"कधीपासून?"

"एकही नाई घेतली."

"काहून पण?"

"ते स्टेरॉईड आहे ना, आत्या." ती उठून बसायला गेली आणि डोकं धरून पुन्हा आडवी झाली. "ग्राउंडवर सगळे सांगतात. स्टेरॉईडवाला पकडला तं भरतीच्या मेडिकल तपासणीतच बाद. जन्माचा बाद. मागं काही पोट्टे इंजेक्शन घेऊन धावले होते, त्याइच्या पिशव्या तपासल्या होत्या पोलिसांनी. मी किड्याची घेतली, फिटची घेतली. मले वाटलं, किडा मेला म्हणजे झालं. सूज काय, उतरन आपोआप."

मला तिची कीव आली आणि संतापही आला, दोन्ही एकदम. ज्या गोळीवर तिचं डोकं शाबूत राहणार होतं ती ही पोर मोरीत टाकत होती, आणि कशासाठी, तर पोरं दंड फुगवायला जे टोचून घेतात त्याचं नाव हिच्या गोळीला होतं म्हणून. जिमवाल्यांचं ते वेगळं आणि हे वेगळं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं. विचारलं तर उत्तर आवडणार नाही, असं तिला वाटलं असणार.

"बाबाले नका सांगू," ती म्हणाली. "ते घरी नेतीन. मंग संपलंच माहं. तुमाले माही शपथ आहे."

"नाई सांगत," मी म्हटलं. त्या क्षणी तिनं माझा जीव मागितला असता तरी मी हो म्हटलं असतं. मी मॅडमना फोन लावला. त्या आल्या होत्या. माझं अर्धं वाक्य ऐकूनच त्या म्हणाल्या, "जशी आहे तशी घेऊन या. आत्ताच्या आत्ता."

दीक्षानं ऑटो आणला. मी आचलला धरून जिना उतरवला. शेवटच्या पायरीवर तिचा डावा हात आपोआप उडायला लागला. ती त्या हाताकडे नवलानं बघत होती. "आत्या, हा माह्या ऐकून नाई राहिला," एवढं म्हणाली आणि डोळे वर गेले. आम्ही दोघींनी तिला खाली पडू दिलं नाही, एवढंच आम्हाला जमलं. कुशीवर वळवलं, ओढणी सोडली. पोरी ताटं टाकून भोवती जमल्या. कुणी चप्पल हुंगवायला आणली, ती दीक्षानं हिसकून फेकली. झटका थांबेचना. ऑटोतही थांबला नाही. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मला एकच दिसत होतं, ते दोन ठिपके, फुगत चाललेले.

दवाखान्यात सुया टोचल्या, सलाईन लावलं, पुन्हा मशीनमध्ये घातलं. झटका थांबला तेव्हा मी भिंतीला टेकून जमिनीवरच बसले. मॅडम ओपीडीत जाता जाता एवढंच म्हणाल्या, "सूज बरीच आहे. इंजेक्शननं उतरवतोय. चोवीस तास महत्त्वाचे." त्यांना मी फोनवर खरं सांगितलेलं होतं. दादाला मात्र मी फक्त "झटका आला, ये" एवढंच कळवलं.

दादा दुपारी आला. नांदगावहून बडनेरा, तिथून मिळेल त्या बसनं. धोतराला बसमधलं ग्रीस लागलेलं, हातात वहिनीनं दिलेली डब्याची पिशवी. पोरीच्या नाकातली नळी बघून तो दारातच थांबला. आचल गुंगीत होती.

"गोळ्या चालू असताना झटका आला?" त्यानं विचारलं.

"हो."

"पहिले एकच आला होता. गोळ्या नवत्या तवा."

मी त्याच्या हातातली पिशवी घेऊन पलंगाखाली ठेवली.

"म्हणजे गोळीनंच आणला हा." दादा हळू बोलतो आणि एकदा मनात घेतलं की वळत नाही. "ते जनावर निजलं होतं डोक्यात. निजलं राहू द्याचं होतं. यायनं त्याले डिवचलं. मले नाई पायजे हे औषध. अमरावतीले एक वैद्य आहेत, जंतावर पुडी देतात. मी नेतो तिले."

"दादा, मॅडमले येऊ दे. त्या सांगतीन तुले नीट."

"त्या सांगतीनच ना. त्याइचीच गोळी." तो ड्युटीवरच्या डॉक्टर पोराकडे गेला आणि म्हणाला, सोडा आमाले. त्या पोरानं समजावून पाहिलं, धोका आहे म्हणाला, मग कंटाळून म्हणाला, तुमच्या जबाबदारीवर नेत असाल तर सही करावी लागेल. दादानं पेन मागून घेतलं.

मी मेसमध्ये पोरींना दरडावणारी बाई, माझ्या तोंडून शब्द फुटेना. सांगावं, तर शपथ मोडते आणि पोरीच्या पायात बेडी पडते. न सांगावं, तर अर्धमेले किडे आणि न उतरलेली सूज घेऊन ती एसटीत बसते. खरं तर यात विचार करण्यासारखं काय होतं? पण तिचं ते "संपलंच माहं" कानात होतं, आणि मी पायानं फरशी टोकरत उभी राहिले. मला स्वतःची लाज वाटली.

"बाबा." आचलचा आवाज इतका बारीक होता, की दादाला वाटलं नर्स बोलली. "बाबा, गोळीनं नाई झालं. मी घेतलीच नाई."

दादा वळला.

"एक घेत होतो, एक फेकत होतो. सूज नाई यावं म्हणून जी दिली होती, तीच फेकली. आत्याले माईत नवतं. आज माईत झालं." ती थांबली, ओठ ओले केले. "आत्याले मी शपथ घातली होती. तिच्यावर रागावू नका."

"काहून फेकली?"

"ग्राउंड होतं ना. त्यानं मेडिकलमध्ये बाद करतात असं वाटलं."

दादानं पेन त्या डॉक्टर पोराच्या टेबलावर ठेवलं. पलंगाजवळ आला. मला वाटलं आता हा बोलेल, मोर्शीचं स्थळ काढेल, किंवा काहीच न बोलता पिशवी उचलेल. तो पलंगाच्या दांडीला धरून वाकला.

"डोकंच नसतं राहिलं, तं कायनं धावली असती?"

आचलनं थोडा विचार केला. "पायानं," ती म्हणाली.

दादा एकदम बाहेर निघून गेला. मी मागे गेले तर तो पॅसेजमध्ये खिडकीपाशी उपरण्यानं डोळे पुसत होता. माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "पोट्टी येडी आहे का काय."

मॅडम आल्या तेव्हा आम्ही तिथेच उभे होतो. त्यांनी दादाला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. किडा उपाशी कसा मरतो, मेल्यावर शरीर कसं खवळतं, सुजेची गोळी काय करते. दादानं मध्ये एकदाच विचारलं, "मंग आता तो मेला का जिता आहे?"

"एक मेल्यात जमा आहे. दुसरा अर्धवट. आता दोन-तीन दिवस किड्याची गोळी थांबवू, सूज उतरू देऊ, मग दोन्ही सोबत पुन्हा सुरू. अर्धवट सोडणं सगळ्यात वाईट. या वेळी माझ्या नर्ससमोर गिळायची, तोंड उघडून दाखवायचं."

"करा," दादा म्हणाला.

मला विचारायचं नव्हतं, तरी मी विचारलं. "मॅडम, तिची भरती?"

"हे ग्राउंड विसरा. फिटची गोळी दोन वर्षं तरी चालेल, कदाचित जास्त. मेलेल्या किड्याचा डाग मागे राहतो, त्यानंही कधी झटका येऊ शकतो." त्यांनी चष्मा काढला. "आणि खरं सांगू का? फिटचा इतिहास असलेल्या माणसाला पोलिसाच्या मेडिकलमध्ये पास करणं फार कठीण. लपवायचं तर मुळीच नाही. ती बरी होईल, शिकेल, दुसरं काहीही करेल. पण याची आशा तिला लावू नका."

"बरं," दादा म्हणाला. मॅडम गेल्या. आम्ही दोघं बराच वेळ खिडकीतून खालचे ऑटो बघत राहिलो. मी म्हटलं, "आता तिले कोण सांगन?" तो उपरणं खांद्यावर टाकून आत वळला.

आत गेलो तेव्हा आचल जागी होती. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती आणि काय ऐकायचं आहे याची तिनं तयारी केलेली दिसत होती. दादानं स्टूल ओढलं, बसला. पिशवीतून डबा काढला, तो उघडायचा का नाही हे न कळून पुन्हा आत ठेवला.

"बाबा, मले घरी नेता का?"

"पहिले गोळ्या संपव. मंग पाहू." त्यानं तिच्या पायावरची चादर नीट केली. मग थोडं थांबून म्हणाला, "पुढची भरती निघन तवा केवढी राहशीन तू?"

आचल त्याच्याकडे बघतच राहिली. "चोवीस. नाई तं पंचवीस."

"वयात बसते ना?"

"बसते."

"मंग झालं तं," दादा म्हणाला. "तवा धाव."

तिनं डोळे मिटले आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, इतका की ती झोपली असं मला वाटलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. दादाला कुणाच्या तोंडावर कधी खोटं बोलता आलेलं नाही, लहानपणी आईसमोरसुद्धा नाही. तो तिच्या पायावर हात ठेवून बसून राहिला, आणि माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.